छटाकचं वजन

११ मार्च, सोमवार
वजन: २ किलो ५१०

शनिवारी जन्मली तेव्हा दवाखान्याच्या काट्यावर २ किलो ६४० भरली होती. आज घरी आणली तर एकशे तीस ग्रॅम कमी. दोन दिवसांत एवढं कुठे गेलं असं विचारलं की सगळे हसतात. मला हसू येत नाही.

वही दुकानाची आहे. पुढून दुरुस्तीला आलेल्या काट्यांची नोंद, म्हणून मी पाठीमागून उलटी सुरुवात करतोय. बावीस वर्षं मी लोकांचे वजनकाटे दुरुस्त करतो. किराणावाले, भाजीवाले, खाटीक, टपाल कचेरी, आरोग्य केंद्र, सगळ्यांचे काटे माझ्या टेबलावरून जातात आणि माझी चिठ्ठी चिकटल्याशिवाय परत जात नाहीत. असं असताना माझी मुलगी किती भरते हे मला दुसऱ्याने सांगायचं?

म्हणून मास्तरांनी दिलेला जुना पितळी तराजू कालच घरी नेला. मास्तर म्हणजे ज्यांच्याकडे मी काम शिकलो ते. सोबत वजनांची लाकडी पेटी, पाच ग्रॅमपासून दोन किलोपर्यंत, प्रत्येक वजनाला आपापला खळगा. जेवणाच्या टेबलावर सगळं मांडून ठेवलं. बायको बाळाला घेऊन दारातून आत आली आणि तिथेच थांबली.

"हे काय?"

"तराजू."

"ते दिसतंय. जेवायचं कुठे?"

मांडीवर ताट घेऊन जेवलो. ही जेवलीच नाही, थकली असेल. लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर मूल झालंय, टेबलाचं काय घेऊन बसायचं. मुलीचं नाव अजून ठरत नाही. तोवर मी तिला छटाक म्हणतो, कारण आहेच ती छटाकभर.

१२ मार्च, मंगळवार
वजन: २ किलो ४५५

दुकानातून चार वेळा घरी जाऊन आलो. खाटकाचा काटा उघडा टाकून गेलो होतो, तो दारात येऊन उभा. म्हणाला, "काटेवाले, तुमच्या पायाला भिंगरी लागली का?" लागली आहे. इथे बसलो की तिथलं दिसतं, तिथे गेलो की काय करावं कळत नाही. छटाकला पारड्यात ठेवतो, काढतो, पुन्हा दुकानात येतो.

पितळ गार लागतं म्हणून तिला गुंडाळूनच ठेवावं लागतं. आधी कापडाचं वजन करून घेतो आणि वजा करतो.

१३ मार्च, बुधवार
वजन: २ किलो ४३०

आरोग्य केंद्राच्या नर्सबाई आल्या होत्या. त्या आठवड्यातून एकदा घरी येतात. तराजू बघून त्यांनी भुवया उंचावल्या. मी तीन दिवसांच्या आकड्यांचा तक्ता पुढे केला, तो त्यांनी उभ्या उभ्या बघितला आणि परत दिला.

"जन्मल्यावर सगळीच बाळं उतरतात. दोन आठवड्यांत भरून येतं. तुम्ही रोज वजन करू नका, मी दर बुधवारी माझा काटा आणीन."

आणि मग पाऊण तास हिच्यापाशी बसल्या. झोप लागते का, जेवतेस का, रडू येतं का. हिची आई नाही, म्हणून बाईमाणूस भेटल्यावर बोलत असेल. पण ज्या कामाला आलात त्याचं काय? पाऊण तासात छटाकला त्यांनी पाच मिनिटं दिली असतील. रोज वजन करू नका म्हणे. ताप आलेल्याला तापमापक लावू नका असंही सांगाल.

१५ मार्च, शुक्रवार
वजन: २ किलो ४४०

दहा ग्रॅम वाढली. पण मला आता नवी पद्धत सुचली आहे. दूध प्यायच्या आधी एक वजन, प्यायल्यावर एक वजन. मधला फरक म्हणजे पोटात गेलेलं दूध. इतकं सोपं कुणाला सुचू नये याचं नवल वाटतं.

सकाळी पंधरा ग्रॅम. दुपारी दहा. संध्याकाळी काटा हललाच नाही.

ही डोळे मिटून पाजते आणि छटाक दोन घोट पिऊन झोपी जाते. तळपायाला गुदगुल्या केल्या, गालावर ओला हात लावला, तरी जागी होत नाही. मी बाजूला वजनं घेऊन उभा असतो. ही म्हणाली, "जरा बाहेर थांबतोस का?" बाहेर थांबलो आणि झाल्याबरोबर आत गेलो. दुपारचं ताट तसंच झाकलेलं होतं. बाळंतिणीची भूक मंदावत असेल.

१६ मार्च, शनिवार
वजन: २ किलो ४४०

माझी थोरली बहीण आली, दोन आठवड्यांची रजा काढून. ताई बसमध्ये तिकिटं फाडते. घरातही तिचा आवाज भरलेल्या बसइतकाच असतो. मी तराजूपाशी घुटमळत होतो तर म्हणाली, "पुढे सरका, पुढे सरका, दार अडवू नका."

तिने आल्या आल्या छटाकला उचलून खांद्यावर टाकलं. मला ते जमत नाही. पारड्यात ठेवायला आणि काढायला लागते तेवढीच मी उचलतो. ताई म्हणाली, "अरे, बाजारात तू हातावर वांगं घेऊन किती ग्रॅम ते सांगतोस, लोक पैजा लावतात. मग पोरीला घे की हातात."

"हात चुकतो. काटा चुकत नाही."

"तू काय, दळण घेऊन आलायस का," ताई म्हणाली. ही हसली नाही. एरवी ताईच्या निम्म्या वाक्यालाच हिला हसू फुटतं.

१७ मार्च, रविवार
वजन: २ किलो ४४५

घर फार गप्प वाटलं म्हणून जेवताना जुना किस्सा सांगितला. एका भाजीवाल्याच्या काट्याबद्दल तक्रार होती. मी तपासला तर दर वेळी बरोब्बर शंभर ग्रॅम जास्त. तिथेच त्याला म्हटलं, पारडं उलटं कर. खाली मेणाने शंभराचं वजन चिकटवलेलं.

"तुला कसं कळलं?" हिने विचारलं. दोन दिवसांत पहिल्यांदा आपणहून काही विचारलं.

"बिघडलेला काटा वेडावाकडा चुकतो. कधी सदतीस ग्रॅम, कधी एकावन्न. गोल आकड्यात चूक आली की समजायचं, माणसाचा हात लागलाय."

ताई म्हणाली, मोठा आलास गुप्तहेर. ही मान खाली घालून भाताशी खेळत होती. ताट उचललं तेव्हा होतं तेवढंच होतं.

१८ मार्च, सोमवार
वजन: २ किलो ४४०

पाच ग्रॅम उतरली. नऊ दिवस झाले. वाढायची ती उतरली.

इथे खरं लिहितो, कारण वही मीच वाचणार आहे. मी हिला म्हणालो, "दिवसभर तुझ्यापाशीच असते ना? मग दूध जातं कुठे?" असं म्हणायचं नव्हतं. पण म्हटलं. ही उठली. छटाकला घेऊन आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं.

ताईने मला गॅलरीत नेलं. "तुझ्या जिभेला हाड नाही. उद्यापासून दुकानात बस आणि जेवायलाच घरी ये."

मी काळजीने बोललो. काळजी कुणाला दिसत नाही, बोलणं तेवढं ऐकू येतं. टपाल कचेरीच्या काट्याची कमान दोनदा उलटी बसवली.

१९ मार्च, मंगळवार
वजन: केलं नाही

ही शिवणयंत्रावर बसली. बाळंतपणाच्या आधी शाळेचे गणवेश शिवून द्यायची. यंत्राचा आवाज पायरीवरूनच ऐकला आणि जिवात जीव आला. आता हिचं मन रमेल.

छटाकसाठी नवं दुपटं शिवलंय. दुहेरी कापड, चारही बाजूंना जाड काठ, एका कोपऱ्यात बटण. बटण कशाला असं विचारलं तर म्हणाली, "शोभेला." काम सुरेख आहे. टाका कुठे सुरू झाला आणि कुठे संपला ते मला शोधून सापडलं नाही.

दुपटं वजन करून घेतलं. १८० ग्रॅम. आता रोज रोज वजा करायला सोपं. कापड काही वाढत नाही, एकदा वजन केलं की झालं.

२० मार्च, बुधवार
वजन: २ किलो ५००

अडीच किलो! दोन दिवसांत साठ ग्रॅम. तीनदा काढून तीनदा ठेवलं. अडीच म्हणजे अडीच.

घरात इकडून तिकडे फेऱ्या मारल्या, मग स्वयंपाकघरात जाऊन तिघांसाठी चहा केला. हिला साखर किती लागते ते आठवेना म्हणून विचारलं. ही माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "दीड चमचा." आणि रडायला लागली. आनंदाने, दुसरं काय.

पेटीतलं पन्नासाचं वजन सापडत नाही. दुकानात राहिलं असणार. तिथेही दिसलं नाही. दोन विसांची आणि एक दहाचं लावून काम भागवलं.

नर्सबाई आल्या नाहीत. त्यांना ताप आहे, पुढच्या बुधवारी येतील असा निरोप आला. येऊ दे. आता दाखवायला काहीतरी आहे.

२२ मार्च, शुक्रवार
वजन: २ किलो ५६०

पुन्हा साठ. पन्नासाचं वजन आपल्या खळग्यात परत बसलेलं आहे आणि आता शंभराचं दिसत नाही. बहुतेक ताई पुसायला काढते आणि कुठेतरी ठेवते. विचारलं तर म्हणाली, "तुझ्या त्या पितळेला मी हात लावत नाही बाबा, मला तिकिटं मोजून पुरे झालंय."

दुकानात मन लागतंय थोडं. पण तरी दुपारी एकदा जाऊन आलोच. ही खिडकीपाशी बसून होती, मांडीवर छटाक, दोघी जाग्या. मी म्हटलं, "बघ, वाढतेय की नाही?" म्हणाली, "वाढतेय ना?" मलाच उलट विचारल्यासारखं. शेजारी ताट झाकलेलं होतं.

२४ मार्च, रविवार
वजन: २ किलो ६७०

जन्माच्या वजनाच्या वर गेली! आता शंभराचं वजन परत आलंय आणि दोनशेचं गायब. पेटीतल्या वजनांना पाय फुटलेत. मी बाकीची जुळवून लावतो. आनंदाच्या दिवशी कुठे शोधत बसायचं.

ताईने छटाकला दुपट्यासकट उचललं. "काय गं हे! नाकापेक्षा मोती जड तसं हिचं, बाळापेक्षा दुपटं जड." मी हसलो. हिने घाईने येऊन छटाकला तिच्या हातातून घेतलं. म्हणाली, पाजायची वेळ झाली. अर्ध्या तासापूर्वीच पाजलं होतं.

रात्रीच्या जेवणाला ही म्हणाली डोकं दुखतंय. ताईने दूध नेऊन दिलं, तेही कपात तसंच राहिलं. तिने मला विचारलं, "हिला झालंय काय?" मी म्हटलं, बाळ वाढतंय, अजून काय पाहिजे.

२६ मार्च, मंगळवार
वजन: २ किलो ६८०

ताई छटाकला अंघोळ घालत होती. टॉवेल आणायला म्हणून तिने पोरगी माझ्या हातात कोंबली, उघडीच, ओली. मी तसाच गोठून उभा. डाव्या हातावर डोकं, उजव्या हातावर बाकीची. अर्धा मिनिट असेल.

हाताला अडीचच्या आत वाटली.

बावीस वर्षांत हात दहा-वीस ग्रॅमच्या पलीकडे चुकला नव्हता. आता चाळिशी उलटली, हाताचाही भरवसा राहिला नाही असं दिसतं. पण दिवसभर तो हात मी चोळत होतो.

२७ मार्च, बुधवार
वजन: सकाळी माझ्या काट्यावर २ किलो ६८५. नर्सबाईंच्या काट्यावर २ किलो ४८५.

नर्सबाईंनी दुपटं सोडलं, छटाकला आपल्या काट्यावर उघडी ठेवली आणि आकडा बघितला. पुन्हा ठेवली. मग म्हणाल्या, "अठरा दिवस झाले आणि जन्माचं वजनही भरून आलेलं नाही. हे बरोबर नाही."

मी माझा तक्ता आणला. त्या म्हणाल्या, बाळ बघा, तक्ता काय बघता. माझं डोकं फिरलं. म्हटलं, "तुमचा काटा बिघडलाय."

"जानेवारीत तुम्हीच तपासलाय. ही तुमची चिठ्ठी."

होतीच माझी चिठ्ठी. माझी सही. मी म्हटलं, जानेवारीला दोन महिने झाले, ताप आला तेव्हा कुठेतरी आपटला असेल, आजचा दिवस द्या, दुकानात नेऊन नीट करून देतो. वीस मिनिटं मी एकटाच बोलत होतो. नर्सबाईंनी माझ्याशी वाद घातला नाही. हिच्या शेजारी बसून छटाकला कसं धरायचं, झोपली की कसं जागं करायचं ते दाखवलं आणि दर वेळी पाजून झाल्यावर वाटीने थोडं वरचं दूधही द्यायला सांगितलं. ही नुसती मान हलवत होती. भिंतीसारखी पांढरी पडली होती. निघताना नर्सबाई म्हणाल्या, "शुक्रवारी केंद्रात या. बाळाला आणा आणि आई तर यायलाच पाहिजे."

काटा दुकानात आणलाय. पण आज उघडला नाही. उद्या सकाळी पहिलं काम तेच.

२८ मार्च, गुरुवार

सकाळी शटर उघडलं आणि दुसरं काही करायच्या आधी नर्सबाईंच्या काट्यावर दुकानातली प्रमाण वजनं ठेवली. एक किलो. दोन किलो. अडीच. एका ग्रॅमचाही फरक नाही. चारी कोपऱ्यांत सरकवून बघितलं. अचूक. मी तपासलेला काटा होता, अचूकच असणार.

मग मास्तरांचा तराजू चुकतो? तोही नाही. मग दोन खऱ्या काट्यांत फरक कसा, आणि किती? वहीवर लिहून वजाबाकी केली. २ किलो ६८५ वजा २ किलो ४८५. बरोब्बर दोनशे.

गोल आकडा.

मी शटर अर्धं ओढून घरी निघालो. कुठे बघायचं ते मला माहीत होतं. दुसऱ्या कुणाच्या काट्यावर असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं.

ताई बाजारात गेली होती. ही गॅलरीत कपडे वाळत घालत होती. छटाक पलंगावर दुपट्यात झोपलेली. मी कोपऱ्यातलं बटण काढलं. काठाच्या आत नीट शिवलेला खिसा, दोन बोटं जातील एवढा. आत दोनशेचं वजन. कोमट होतं, पोरीच्या अंगाने.

ही बादली घेऊन आत आली. माझा हात बघितला. बादली हळूच खाली ठेवली.

"सापडलं," मी म्हणालो.

"काल तो काटा घेऊन गेलास तेव्हाच कळलं मला, आज सापडणार. तुझा किस्सा लक्षात होता माझ्या. पण पेटीत गोलच वजनं आहेत." दाराला टेकून उभी राहिली. "आता काय करणार? त्या भाजीवाल्यासारखं सगळ्यांसमोर उलटं करून दाखवणार?"

"का केलंस?"

"तू विचारलंस ना, दूध जातं कुठे. मला माहीत नव्हतं कुठे जातं. दुसऱ्या दिवशीही तू विचारणार होतास, तिसऱ्या दिवशीही. मग एकदा पन्नास ग्रॅम टाकले आणि तू हसलास. चहा केलास. साखर किती ते विचारलंस." ओला हात तिने गाउनला पुसला. "नंतर काढता येईना. काढलं असतं तर वजन उतरलं असतं."

"आणि हिचं काय? हिला कमी पडत होतं ते?"

ही खाली बसली. पलंगाच्या कडेला नाही, जमिनीवरच.

"मला माहीत होतं. प्रत्येक वेळी पारड्यात ठेवताना माहीत होतं. म्हणून घास उतरत नव्हता. दोनदा तुला सांगायला आले मी. तू काट्याकडे बघत होतास. म्हणालास, हलवू नकोस, स्थिर होऊ दे."

मला राग आला. खोटं कशाला लिहू, खूप राग आला. पोरीच्या जिवाशी खेळ झाला होता आणि माझ्या तराजूवर झाला होता. काहीतरी बोलणारच होतो, तेवढ्यात छटाक जागी होऊन रडायला लागली. ही उठायला गेली आणि तोल जाऊन परत बसली. म्हणून मी उचललं. पहिल्यांदाच, कुठेही ठेवायला नाही, नुसतंच. हाताने लगेच सांगितलं, अडीचच्या आत. परवाही त्याने तेच सांगितलं होतं.

दुपारी दुकानात येऊन ही पानं पहिल्यापासून वाचली. ताट झाकलेलं. ताट तसंच. दूध कपात तसंच. ही हसली नाही. ही रडली, आनंदाने. सगळं मीच लिहिलंय, माझ्याच अक्षरात. एखाद्या काट्याबद्दल एवढ्या नोंदी असत्या तर मी तो त्याच दिवशी उघडून बघितला असता.

संध्याकाळी ताईला सगळं सांगितलं. वाटलं होतं ओरडेल. तिने निवडायला घेतलेली भाजी बाजूला सारली. मग म्हणाली, "दिव्याखाली अंधार, दुसरं काय. मीसुद्धा त्याच घरात होते की." आणि उठून हिच्यापाशी गेली.

२९ मार्च, शुक्रवार

केंद्रात गेलो. नर्सबाईंचा काटा परत केला. म्हटलं, काटा बरोबर आहे, माझं चुकलं. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. खिशातून मी दोनशेचं वजन काढून दाखवायला गेलो तर हिने माझा हात धरला आणि स्वतःच सांगितलं. एका दमात, मान वर करून. नर्सबाईंनी तिला मधेच थांबवलं नाही.

छटाक २ किलो ५१०. दोन दिवसांत पंचवीस वाढली. वरचं दूध लागू पडतंय आणि आता जागी राहून पिते.

मग नर्सबाई हिला म्हणाल्या, "तू चढ आता." कोपऱ्यात मोठ्या माणसांचा काटा होता. ही चपला काढून उभी राहिली. एक्कावन्न. जुन्या कागदावर, दिवस राहायच्या आधीचे, छप्पन्न होते.

"बाळंतपणानंतर बायका जास्त भरतात," नर्सबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "हे कुणी लिहून ठेवत होतं का?"

माझ्या हातात वही होती. ती मी पाठीमागे घेतली.

डॉक्टरबाईंनी हिला आत नेऊन दार लावलं. मी बाकावर छटाकला घेऊन बसलो, उठलो, पुन्हा बसलो. भिंतीवरचे सगळे फलक तीन-तीनदा वाचले. अर्ध्या तासाने दोघी बाहेर आल्या. डॉक्टरबाई म्हणाल्या, अशा वेळी मन खचतं, पुष्कळ जणींचं खचतं, त्यावर औषध आहे आणि लाजण्यासारखं काही नाही. औषधाने दुधाला काही होणार नाही, दर आठवड्याला या, एकटीला सोडू नका. मी सगळ्याला हो हो म्हणत होतो. वाटेत हिला विचारलं, "आतमध्ये काय सांगितलंस?" म्हणाली, "ते तुझ्या वहीत लिहायला नाही सांगितलं."

बरोबर आहे. लिहीत नाही.

१ एप्रिल, सोमवार

ताईची रजा संपली, आज गेली. दारातून ओरडली, "पुढे सरका आता, दोघंही." तिच्या जागी मी दुपारी घरी राहणार. दुकान अर्धा दिवस. खाटकाला सांगितलं तर म्हणाला, काटा नाही तर नाही, हाताने देतो.

धीर धरवत नाही. ही पाजायला बसली की तोंडावर येतं, किती प्यायली? जीभ चावून गॅलरीत जातो. परत येतो. आज ही मला म्हणाली, "फेऱ्या मारायच्या असतील तर तिला घेऊन मार." म्हणून खांद्यावर टाकून मारल्या. चाळीस फेऱ्या. मोजायची सवय जात नाही.

ही सकाळी सलग तीन तास झोपली. मग उठून विनाकारण रडली. मी विचारलं का, म्हणाली माहीत नाही. मी पण शेजारी बसून राहिलो.

३ एप्रिल, बुधवार
वजन: नर्सबाईंच्या वहीत आहे

नर्सबाई आल्या तेव्हा मी मुद्दाम स्वयंपाकघरात थांबलो. आतून आकडा ऐकू आला. जन्माच्या वजनाच्या वर गेली आहे, या वेळी उघडीच, कापडाशिवाय. ही बाहेर येऊन म्हणाली, "ऐकलंस ना?" ऐकलं. तिच्या तोंडाकडेही बघितलं. थकलेलं होतं, पण बघत होतं माझ्याकडे.

तराजू सकाळीच दुकानात आणून वरच्या फळीवर ठेवला. पेटी आणताना उघडून बघितली, दोनशेचा खळगा रिकामा. केंद्रातून परतल्यावर ते हिच्या हातात दिलं होतं, ते परत आलेलं नाही. दुपारी घरी गेलो तर ही टेबलावर कापड पसरून बसली होती. छटाकची झबली कापणार होती. कापड सरकू नये म्हणून कोपऱ्यावर ते दोनशेचं वजन ठेवलेलं, अगदी घरचं असल्यासारखं.

तोंडावर आलं होतं की एक वजन कमी असलं तर पेटी प्रमाण राहत नाही, तपासणीला चालत नाही. मग म्हटलं, जाऊ दे, पेटीला काय तपासायचंय आता.

तिने कापड गोळा करून बाजूला ठेवलं आणि आम्ही टेबलावर जेवलो. मी डाव्या हाताने जेवलो, कारण उजव्यावर छटाक झोपली होती आणि हलवली तर उठली असती. हिने अर्धं ताट टाकलं. पण अर्धं जेवली.